प्रार्थना सभेत खरं बोलता यावं म्हणून : घरगुती गटासाठी सविस्तर मार्गदर्शन

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत प्रार्थना पुष्कळ होते. रविवारची उपासना, भगिनी मंडळ, तरुण संघ, लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, घरोघरच्या सभा, कुणी आजारी पडलं की पाळकसाहेबांबरोबर दवाखान्यात गेलेली चार माणसं. तरी जिच्या नवऱ्यानं सहा महिने घरात पगार दिलेला नाही ती बाई सभेत उभी राहून 'प्रवासात असलेल्या सर्वांसाठी' प्रार्थना करते. ज्याला कामावरून कमी केलंय तो 'देशाच्या पुढाऱ्यांसाठी' मागतो. या प्रार्थना चुकीच्या आहेत असं कोण म्हणेल? पण दोघंही आले तेवढंच ओझं घेऊन घरी जातात, आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याला त्यातलं काहीही कळत नाही.

याचा दोष लोकांच्या विश्वासाला देणं मला पटत नाही. खरं बोलायला जी व्यवस्था लागते, ती आपण केलेली नसते. चाळीस माणसं बसलीत, त्यांत सासूबाई आहेत, मुलीसाठी स्थळं सुचवणाऱ्या काकू आहेत, ज्याच्याकडून उसने पैसे घेतलेत तो दादा आहे. तिथं कुणी मन उघडं करणार नाही, आणि करूही नये. म्हणून पुढचं सगळं सहा ते आठ जणांच्या घरगुती गटाबद्दल आहे. पंथ कोणताही असो, नगर-पुण्याकडची सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळी असोत, मेथडिस्ट असोत, वसईतले कॅथलिक असोत की एखादी स्वतंत्र मंडळी.

कोण, किती, कुठं

आठाच्या वर जाऊ नका. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्लींनी १७४२ साली ब्रिस्टलमध्ये सुरू केलेले 'क्लास' साधारण बारा जणांचे होते. त्यांचा जन्म गमतीशीर आहे. प्रार्थनामंदिराच्या बांधकामाचं कर्ज फेडायला प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यायची आणि एकानं बारा घरं फिरून ती गोळा करायची, एवढाच बेत होता. पेनी मागायला गेलेल्यांना घराघरांतली खरी अवस्था दिसली, आणि वर्गणीच्या फेरीतून एकमेकांच्या आत्म्याची विचारपूस करणारा गट तयार झाला. आपल्याकडची घरं लहान आणि बोलणं लांब, त्यामुळं आठ पुरे.

माणसं निवडताना नात्यागोत्याचा विचार आधी करा. सासू आणि सून एका गटात नकोत. नवरा-बायकोनं एकत्र यायचं की वेगळं, हे त्यांनाच विचारा, तेही दोघांना वेगवेगळं. एकाच दुकानातला मालक आणि नोकर एकत्र नकोत. मंडळीच्या कमिटीतले दोन तट असतील तर दोन्हीकडची माणसं घेऊन 'समेट' घडवण्याची हौस इथं भागवू नका.

पाळकांचा प्रश्न अवघड आहे. ते गटात असले की बाकीचे त्यांच्यासाठी प्रार्थना करायचं सोडून त्यांच्या प्रार्थनेची वाट पाहतात. पण पाळकांना आणि त्यांच्या घरच्यांना मन मोकळं करायला जागा कुठं असते? त्यांच्यासाठी दुसऱ्या गावच्या दोन-तीन पाळक कुटुंबांचा वेगळा गट असावा. आपल्या गटाची माहिती मात्र त्यांना आधीच द्या, म्हणजे 'पाठीमागं काही चाललंय' असा संशय येणार नाही.

जागा ठरवताना चहाचा नियम करा : चहा आणि बिस्किटं, त्याच्यापुढं काही नाही. हे क्षुल्लक वाटेल, पण एका घरी पोहे झाले की दुसऱ्या घरी सामोसे येतात आणि तिसरीला आपल्या घरी सभा नकोशी होते. बहुतेक वेळा तीच सगळ्यांत अडचणीत असते. माइक-स्पीकर अजिबात नको. सोसायटीत किंवा चाळीत शेजाऱ्यांना आपलं गाणं ऐकू गेलं तर चालेल, विनंत्या ऐकू जाता कामा नयेत.

सुरुवातीला बारा आठवड्यांचीच मुदत ठरवा. 'आता कायमचं' म्हटलं की माणसं बिचकतात.

पहिल्या दिवशीच सांगायचे नियम

इथलं बोलणं इथंच. हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो आणि सगळ्यांत जास्त तोच मोडतो, कारण आपल्याकडे चहाडीला प्रार्थनेचा अंगरखा चढवता येतो : "अमक्यांच्या घरासाठी प्रार्थना करा हं, फार कठीण दिवस आहेत, जास्त काही सांगत नाही." एवढ्यावर उरलेली गोष्ट गाव स्वतःच पूर्ण करतं. तेव्हा नियम नेमका सांगा. गटातली गोष्ट गटाबाहेर प्रार्थनेसाठीसुद्धा सांगायची नाही. नवऱ्याला नाही, बायकोला नाही, पाळकसाहेबांनाही नाही. ज्याची गोष्ट आहे त्यानं सांगितली तर वेगळं.

व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त वेळ आणि पत्ता. विनंती टाकायची नाही, हात जोडलेल्या चिन्हांची रांग लावायची नाही. फॉरवर्ड झालेला मेसेज परत घेता येत नाही.

या नियमाला अपवाद आहेत आणि तेही त्याच दिवशी सांगायचे, म्हणजे नंतर विश्वासघात झाल्यासारखं वाटत नाही. लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर गप्प राहता येत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ज्याला माहिती मिळते त्याच्यावर ती कळवण्याची जबाबदारी येते; मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. कुणी जीव देण्याची भाषा केली तर त्या रात्री त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना किंवा डॉक्टरांना सामील करून घ्यायचं. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. मारहाण होत असलेल्या बाईला 'सोस, प्रभू बदल घडवील' असं सांगणं म्हणजे तिला पुन्हा मारहाणीच्या हवाली करणं. महिलांसाठीची हेल्पलाइन १८१ आहे. प्रार्थना करा आणि फोनही करा.

तिसरा नियम : कुणी बोललं नाही तरी चालतं. पाळी आली की "मी आज ऐकतो" म्हणावं आणि पुढं जावं. त्याला नंतर कुणी कारण विचारायचं नाही.

स्तोत्रापासून सुरुवात, तीही रडक्या स्तोत्रापासून

गटाला 'आज खरं बोला' असं सांगून कुणी खरं बोलत नाही. आधी कानावर खरी प्रार्थना पडावी लागते. ती आपल्या शास्त्रात, बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत, भरपूर आहे, फक्त आपण ती वगळून वाचतो. घराघरांत २३ वं, ९१ वं आणि १२१ वं स्तोत्र पाठ असतं; ८८ वं कुणाच्या भिंतीवर टांगलेलं मी पाहिलेलं नाही. १५० स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून जास्त विलापाची आहेत. ही काही दीडशहाण्या टीकाकारांनी मागाहून घुसडलेली नाहीत. ती इस्राएलाची उपासनेतली गाणी होती, सगळ्यांनी मिळून म्हणायची.

पहिल्या आठवड्याला १३ वं स्तोत्र घ्या. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांत 'कोठवर?' हा प्रश्न चार वेळा येतो, आणि विचारलेला आहे तो थेट देवाला : तू मला विसरलास का, तोंड का लपवतोस. मग मागणं येतं. शेवटच्या दोन ओव्यांत भरवसा आणि गाणं. गटात वाचताना एक गोष्ट पाळा : चौथ्या ओवीला थांबा. दोन मिनिटं तिथंच राहा. आपल्याला शेवटच्या ओवीकडं पळायची इतकी सवय असते की पहिल्या चार ओव्या नुसत्या पायऱ्या होऊन बसतात. ज्याचं दुःख अजून दुसऱ्या ओवीवर आहे त्याला सहावी ओवी म्हणायला लावू नका. पुढच्या महिन्यात तो तिथं पोचेल, किंवा नाही पोचणार.

थांबून झालं की प्रत्येकाला कागद द्या. 'कोठवर?' या शब्दानं सुरू होणारं एकच वाक्य लिहायचं. नाव घालायचं नाही, वाचून दाखवायची सक्ती नाही. "कोठवर मी हप्त्यांसाठी खोटं बोलू?" "कोठवर लोक मला मूलबाळ विचारणार?" अशी वाक्यं येतात. कुणाचं अक्षर ओळखू येईल म्हणून कागद गोळा करू नका, ज्याचा त्याच्याकडंच राहू द्या.

पुढच्या आठवड्यांसाठी ओळीनं असं घेता येईल : जवळच्या माणसानं दगा दिला असेल तर ५५ वं, खोट्याचं भलं होताना पाहून जळफळाट होत असेल तर ७३ वं, अपराधासाठी ५१ वं, म्हातारपणासाठी ७१ वं, मन खचलं असेल तर ४२ आणि ४३ एकत्र, कारण 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास' या अर्थाचं पालुपद दोन्हींत मिळून तीनदा येतं. ८८ वं उशिरा घ्या, गट मुरल्यावर. त्याला सुखाचा शेवट नाही, ते अंधारातच संपतं. ते संपल्यावर कुणाला तरी घाईघाईनं 'पण प्रभू विश्वासू आहे' असं जोडावंसं वाटेल. त्या भावाला प्रेमानं थांबवा. आणि १३७ वं स्तोत्र घ्यायचं असेल तर शेवटची ओवी आधी स्वतः वाचून या. सूडाची इतकी उघडी भाषा तयारीशिवाय गटात आणू नये.

देवाशी भांडणं मराठी कानाला परकं असायचं कारणच नाही. विठ्ठलाला हक्कानं फैलावर घेणारी जनाबाई आपल्याच मातीतली. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगत, आणि त्यांची गायनं आपण आजही म्हणतो. तरी प्रार्थनेला उभं राहिलं की आपली भाषा एकदम सरकारी अर्जासारखी का होते, मला कळत नाही.

मग शांतता

स्तोत्रानंतर पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. मंद संगीत लावायचं नाही, कुणी 'हालेलूया' पुटपुटायचं नाही. पहिल्या दोन आठवड्यांत ही पाच मिनिटं अंगावर येतात. पंखा ऐकू येतो, कुणीतरी खोकतं, एखाद्याला हसू फुटतं. येऊ द्या. एकानं घड्याळ पाहावं, बाकीच्यांनी नाही.

काही मंडळ्यांत सगळ्यांनी एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करायची पद्धत आहे. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे आत्मिक जागरण झालं, त्यात मुली अशा एकत्र, रडून-ओरडून प्रार्थना करत. या पद्धतीचा एक मोठा फायदा शांतताप्रेमी लोक विसरतात : त्या गलक्यात माणसाला आडोसा मिळतो. सगळे बोलत असताना माझं कुणी ऐकत नाही, म्हणून मी खरं बोलू शकते. तुमच्या गटाला तेच जमत असेल तर पाच मिनिटांच्या जागी ते ठेवा. मात्र दोन्ही एकत्र करू नका, शांतता हवी असलेला माणूस त्यात गुदमरतो.

बोलणं

यासाठी ३५ ते ४० मिनिटं. एकेकानं, जास्तीत जास्त पाच मिनिटं. प्रश्न एकच : या आठवड्यात देवाला काय सांगायचं टाळलंस? 'कसं चाललंय' विचारलं की 'प्रभूच्या कृपेनं बरं' हे उत्तर तयार असतं.

ऐकणाऱ्यांना फक्त एक काम : मध्ये बोलू नये. सल्ला नाही, बायबलमधलं वचन नाही, 'आमच्या मेव्हण्याचंही असंच झालं होतं' नाही. यातला वचनाचा मोह सगळ्यांत अवघड, कारण वचन ऐकवणं पुण्याचं वाटतं. पण ज्याचं मूल गेलं त्याला रोमकरांस पत्रातलं 'सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात' हे वाक्य त्याच आठवड्यात ऐकवणारा माणूस स्वतःची अस्वस्थता मिटवत असतो. बायबलमधल्या संकटांनी खचलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. त्यांनी तोंड उघडलं आणि बिघडलं.

एक धोका गट चालवणाऱ्यासाठी आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात मूल नसलेली हन्ना मंदिरात रडत, ओठ हलवत, आवाज न काढता प्रार्थना करते, आणि याजक एली तिला प्यायलेली समजतो. ती उत्तर देते की मी प्यायलेली नाही, मन मोकळं करते आहे. खरी प्रार्थना विचित्र दिसते. कुणी शिवी देईल, कुणी देवाला 'तू आहेस तरी का' विचारेल. तुम्ही एली होऊ नका. त्याच अध्यायात पुढं आहे की हन्ना जेवली आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. हे तिच्या मुलाच्या, शमुवेलाच्या जन्माच्या आधी. मागितलेलं अजून हातात आलेलं नव्हतं.

एकमेकांसाठी प्रार्थना

बोलून झालं की प्रत्येकासाठी दुसऱ्या एकानं, शक्यतो डावीकडच्यानं, प्रार्थना करायची. दोन-तीन वाक्यं. त्यात नवी माहिती नको, निदान नको, उपदेश तर नकोच. 'प्रभू, जे बंधू उपासनेला नेहमी उशिरा येतात त्यांना शिस्त दे' ही प्रार्थना देवाला उद्देशून नसते, हे उशिरा येणाऱ्या बंधूलाही कळतं.

फरक कसा पडतो पाहा. नेहमीची प्रार्थना अशी : "हे दयाळू पित्या, आमच्या भगिनीच्या मुलास सद्बुद्धी दे आणि तुझ्या मार्गाने चालव." आता तीच बाई स्वतः, घरच्या भाषेत : "देवा, तो काल परत पिऊन आला. दार उघडताना मनात आलं, आलाच नसता तर बरं झालं असतं. मी आई आहे, असं कसं मनात आलं माझ्या? हे तुलाच सांगते, आणि या बसलेल्यांना." आणि शेजारच्या ताईनं तिच्यासाठी : "देवा, ही थकलीय. तिला आज रात्री झोप लागू दे. त्या पोराला सांभाळ." बास. वसईच्या कुणाला सामवेदीत बोलायचं असेल, गोव्याकडच्याला कोंकणीत, तर बोलू द्या. बाकीच्यांना प्रत्येक शब्द कळला पाहिजे असं काही नाही.

'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे वाक्य जपून वापरा. अटक होण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं ते म्हटलं, पण आधी 'हा प्याला माझ्यापासून दूर कर' असं म्हटलं, आणि मत्तय सांगतो की तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली. आपण बऱ्याचदा पहिला अर्धा भाग गिळतो आणि दुसरा पाठ म्हणतो, म्हणजे काही मागायला नको आणि न मिळाल्याचं दुःखही नको. दुसरंही आहे : त्या रात्री त्याला तिघं शिष्य सोबत हवे होते, त्यांना त्यानं तसं सांगितलं, आणि ते झोपी गेले. गटातली माणसं तुम्हाला कमी पडतील तेव्हा हे आठवा.

आजारासाठी प्रार्थना करताना बरं होण्याचं आश्वासन देऊ नका, आणि गोळ्या बंद करायला कुणी सांगत असेल तर तिथंच अडवा. याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडीलवर्गाला बोलावून तेल लावायला सांगितलंय, डॉक्टरला हाकलायला सांगितलेलं नाही. त्याच ठिकाणी एकमेकांजवळ पापं कबूल करायलाही सांगितलंय. ते आठ जणांत नको. दोघांत करा, पुरुषानं पुरुषाजवळ, बाईनं बाईजवळ. कॅथलिकांसाठी फादरजवळचा कबुलीचा संस्कार आहेच आणि त्यावर गुप्ततेची मोहर आहे. गट त्याची जागा घेऊ शकत नाही.

मिश्र गट असेल तर शेवटी येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणा. प्रॉटेस्टंट मंडळी 'कारण राज्य, पराक्रम व गौरव' पुढं चालू ठेवतील, कॅथलिक त्याआधी थांबतील. पहिल्या दिवशी ठरवून टाका, दर वेळी अडखळायला नको.

वही

एकाकडं वही असावी. तारीख, नावाचं पहिलं अक्षर, विनंतीचे तीन-चार शब्द. दर महिन्याला ती उघडून वाचायची, आणि इथं कस लागतो. आपल्याकडं साक्ष म्हणजे जिंकलेल्याची गोष्ट : नोकरी लागली, व्हिसा मिळाला, गाठ साधी निघाली. ज्याची गाठ साधी निघाली नाही तो मागच्या बाकावर गप्प बसतो आणि हळूहळू यायचा बंद होतो. म्हणून वही वाचताना उत्तर न मिळालेल्या विनंत्याही तेवढ्याच मोठ्यानं वाचा आणि ज्याची आहे त्याला विचारा : अजून मागायचं का, वेगळं काही मागायचं, की आता थांबायचं? 'मी थांबतो' असं म्हणणाऱ्याला कुणी समजवायचं नाही. त्याला विश्वास ठेवता येत नसेल त्या काळात बाकीच्यांनी त्याच्यासाठी मागत राहायचं, त्याला न सांगता. मार्काच्या शुभवर्तमानात ज्या बापानं 'माझा अविश्वास घालवून टाका' म्हटलं, त्याच्या मुलाला बरं करण्याआधी येशूनं त्याची परीक्षा घेतली नाही.

हमखास येणाऱ्या अडचणी

एकच माणूस दर वेळी वीस मिनिटं घेतो. त्याला सगळ्यांसमोर टोकू नका. आठवड्यात एकदा एकट्यानं भेटा, ऐका. बहुतेकदा त्याला गटापेक्षा एका मित्राची गरज असते.

गटात खूप रडारड होते आणि माणसं हलकी होऊन घरी जातात, पण घरातलं काही बदलत नाही. मग विचारा की यातलं आपल्या हातात काय आहे. फी भरायची असेल तर वर्गणी काढा. दवाखान्यात रात्री थांबायचं असेल तर पाळ्या लावा. वेस्लींच्या पेनीकडं परत जायला हरकत नाही.

कुणी तरी गुपित फोडतं. हे होतंच. ज्याचं फुटलं त्याची गटानं मिळून माफी मागावी, फोडणाऱ्यानं स्वतः मागावी, आणि पुढं गटात राहायचं की नाही हे ज्याचं फुटलं त्यानं ठरवावं. तो म्हणाला 'हा गट आता नको', तर गट बंद.

शेजारची हिंदू किंवा बौद्ध मैत्रीण कधी म्हणेल, मलाही यायचंय, माझ्याही घरी असंच आहे. येऊ द्या. तिच्यासाठी तिच्या दुःखापुरतीच प्रार्थना करा. तिच्या अडचणीचा फायदा घेऊन पत्रकं हातात देणं हलकटपणा आहे.

बारावा आठवडा

स्तोत्र नेहमीप्रमाणे वाचा, बोलण्याची फेरी घेऊ नका. त्याऐवजी प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहू द्या : राहायचं, थांबायचं, की महिनाभर सुट्टी घ्यायची. चिठ्ठ्या चालवणाऱ्यानं एकट्यानं वाचाव्यात. जाणाऱ्यांना निरोप समारंभ नको, कारण विचारणं नको. चारपेक्षा कमी उरले तर नव्यांना घेऊन पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करा, नियम सगळे परत वाचून. नऊ-दहा झाले तर दोन गट पाडा, आणि पाडताना सासू-सुनेचा नियम विसरू नका. वहीतलं पान ज्याचं त्याला फाडून द्या. नव्या गटाला नवी वही.